काचेमागचं पान का बदललं? संग्रहालयातल्या दुर्मीळ ग्रंथांविषयी आणि हस्तलिखितांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डब्लिनला जाऊन ‘बुक ऑफ केल्स’ हे ख्रिस्ती शुभवर्तमानांचं जुनं सचित्र हस्तलिखित पाहिलं, पण ते प्रसिद्ध पान दिसलंच नाही. तंजावरच्या सरस्वती महालात हजारो पोथ्या आहेत म्हणतात, मग कपाटात मोजक्याच कशा? मागच्या वर्षी पाहिलेलं चित्र यंदा गायब कसं? जुन्या ग्रंथांची ओढ असलेली माणसं हे प्रश्न नेहमी विचारतात आणि पुष्कळदा थोडी रागावूनही विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

एकच पान कायम उघडं ठेवलं तर काय बिघडतं?

प्रकाश पडला की रंग आणि कागद दोन्ही झिजतात. प्रकाशातली ऊर्जा रंगद्रव्यांचे रासायनिक बंध तोडते, त्यामुळे रंग फिके होतात किंवा काळवंडतात आणि कागद पिवळा, ठिसूळ होतो. हे एका दिवसात डोळ्यांना दिसत नाही, म्हणून खरं वाटत नाही. पण आज पडलेला प्रकाश कालच्या प्रकाशात मिळवला जातो आणि उद्याचा त्या बेरजेत. प्रत्येक पानाला जन्मतःच मिळालेली ही एक ठेव आहे असं समजा. तिच्यावर व्याज चढत नाही, फक्त रक्कम निघत राहते. पाने बदलली की ती एकाच पानावरून निघत नाही आणि पुढच्या दोनशे वर्षांतल्या माणसांसाठीही काही उरते.

काही महिने अंधारात ठेवलं की पान पुन्हा ताजं होतं ना?

नाही. संग्रहालयाच्या पाटीवर ‘हे पान सध्या विश्रांती घेत आहे’ असं लिहिलेलं असतं, त्यावरून हा समज होतो. माणूस झोपून उठला की ताजातवाना होतो, रंग होत नाही. उडालेला रंग उडालेलाच राहतो, अंधारात फक्त पुढची झीज थांबते. त्यामुळे ‘सहा महिने बंद ठेवलंय, आता वर्षभर उघडं ठेवा’ हा हिशेब बसत नाही.

प्रकाश किती चालतो, हे ठरवतात कसं?

प्रकाशाची तीव्रता लक्समध्ये मोजतात. भर दुपारच्या उन्हात ती एक लाख लक्सच्या आसपास असते, कचेरीत साधारण ३०० ते ५००. हस्तलिखितांच्या दालनात बहुतेक ठिकाणी ५० लक्सची मर्यादा पाळतात. पण खरा आकडा तीव्रतेचा नाही, तीव्रता गुणिले वेळ याचा आहे.

प्रकाशयोजनेच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने, म्हणजे सीआयईने, २००४ मध्ये दिलेल्या मर्यादा बऱ्याच संग्रहालयांत आधाराला घेतात. अतिसंवेदनशील वस्तूंसाठी वर्षाला १५,००० लक्स-तास, मध्यम संवेदनशील वस्तूंसाठी १,५०,००० लक्स-तास. आता हिशेब करा. ५० लक्सचा दिवा रोज आठ तास लावला तर दिवसाला ४०० लक्स-तास होतात. अतिसंवेदनशील पानाचा वर्षाचा कोटा ३७ दिवसांत संपतो! उरलेले अकरा महिने ते पान पेटीत बंद राहिलं तर तो कुणाचा आळस नव्हे.

म्हणूनच काही ठिकाणी पेटीवर कापड टाकलेलं असतं आणि ते आपण उचलून पाहायचं असतं, किंवा माणूस जवळ आला की दिवा लागतो. पाहून झाल्यावर कापड पुन्हा नीट टाकावं. ती छोटीशी कृती त्या पानाचं आयुष्य खरोखर वाढवते.

दिव्यांबरोबर अतिनील किरणांचाही बंदोबस्त करावा लागतो. खिडक्यांना आणि पेटीच्या काचेला ते गाळणारा थर लावतात. एलईडी दिव्यांत अतिनील किरण जवळजवळ नसतात, त्यामुळे हे काम बरंच सोपं झालं आहे. तरी दिसणारा प्रकाशही रंग उडवतोच, हे विसरून चालत नाही.

सगळी हस्तलिखितं सारखीच नाजूक असतात का?

अजिबात नाही, आणि या विषयात सगळ्यात रस वाटावा असा भाग हाच आहे.

आपल्याकडच्या पोथ्यांची काळी शाई बहुधा काजळ आणि डिंकाची. काजळ म्हणजे कार्बन, त्याला प्रकाश फारसं काही करू शकत नाही. तीनशे वर्षांपूर्वीची अक्षरं आजही काळीभोर दिसतात ती त्यामुळे. युरोपात शतकानुशतकं वापरलेली शाई वेगळी होती. ओक झाडावरच्या गाठींतला तुरट अर्क आणि हिराकस यांपासून ती करत. ती तपकिरी होत जाते आणि प्रमाण चुकलं असेल तर कागदच खाते. काही जुन्या युरोपीय कागदांवर अक्षरांच्या जागी अक्षराच्याच आकाराची भोकं पडलेली दिसतात.

रंगांचं तर वेगळंच जग आहे. हिंगुळाचा लाल रंग काही वेळा प्रकाशात काळपट होतो. हरताळ या खनिजाचा पिवळा फिका पडतो. आपले लेखनिक चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासून त्यावर दुरुस्ती लिहीत. अशी पोथी उघडी ठेवताना ते पिवळे पट्टे आधी जपावे लागतात, कारण नकलणारा कुठे चुकला, कुठे थांबला याची तीच खूण असते. लाखेचा गुलाबी, हळदीचा पिवळा हे वनस्पतींचे आणि किड्यांचे रंग सर्वांत लवकर उडतात. तांब्याच्या गंजाचा हिरवा, म्हणजे जंगाल, उडत नाही, पण दमटपणात खालचा कागद जाळतो. चित्राभोवतीची हिरवी चौकट भेगाळून चित्र मधून सुटं झालेलं दिसतं, त्याचं कारण बहुतेकदा हे असतं.

लिहिण्याच्या पृष्ठभागाचाही फरक पडतो. जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागद घोटून गुळगुळीत केलेला, चिवट. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने अक्षर कोरतात आणि मग त्यावर काजळी चोळतात. ते अक्षर प्रकाशाने पुसलं जात नाही, पण पान वाळून तुटतं. भूर्जपत्राचे थर एकमेकांपासून सुटतात, त्याला हात लावणंच धोक्याचं. चर्मपत्र हवेतला ओलावा कमीजास्त झाला की आकसतं, वळतं आणि त्यावरचा रंग तडकून पडतो.

उघडं ठेवल्यामुळे नुकसान झाल्याचं ठोस उदाहरण आहे का?

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा. १७७६ चा हा चर्मपत्रावरचा मूळ दस्तऐवज १८४१ ते १८७६ अशी ३५ वर्षं वॉशिंग्टनमधल्या पेटंट कार्यालयाच्या इमारतीत खिडकीसमोरच्या भिंतीवर लावलेला होता. त्याआधी तो गुंडाळला, उलगडला, ठिकठिकाणी हलवला गेला होता, तेही नडलं. पण त्या खिडकीच्या उजेडाने शाईची जी दशा केली, ती आज तिथे उभं राहिलं की दिसते. सह्या जेमतेम ओळखू येतात. २००३ पासून तो आरगॉन वायू भरलेल्या पेटीत, अगदी मंद उजेडात ठेवला आहे. आता कितीही काळजी घेतली तरी गेलेली शाई परतणार नाही. ज्यांनी तो भिंतीवर लावला त्यांना तो लोकांना दाखवायचाच होता, हेतू चांगलाच होता.

‘बुक ऑफ केल्स’ पाहायला डब्लिनला जातोय. कोणतं पान दिसेल?

आगाऊ विचारल्याशिवाय सांगता येणार नाही. ट्रिनिटी कॉलेजकडे असलेला हा इ. स. ८०० च्या सुमाराचा ग्रंथ वासराच्या कातड्याच्या ३४० पत्रांचा, म्हणजे ६८० पानांचा आहे. १९५३ मध्ये रॉजर पॉवेल यांनी त्याची नव्याने बांधणी केली तेव्हा त्याचे चार खंड केले. पान साधारण दर तीन महिन्यांनी उलटतात.

सोबत हेही मोजून पाहा. एका वेळी समोरासमोरची दोन पानं दिसतात. वर्षाला चार-सव्वाचार वेळा पान उलटलं तर सगळा ग्रंथ एकदा दाखवायला ऐंशी ते पंच्याऐंशी वर्षं लागतील. एका माणसाला हा ग्रंथ संपूर्ण पाहणं आयुष्यभरात जमणारं नाही. म्हणून ख्रिस्ताच्या नावाच्या आद्याक्षरांचं ते जगप्रसिद्ध पान दिसलं नाही म्हणून हिरमुसू नका. समोर साध्या मजकुराचं पान असेल तर उलट थांबून बघा. ओळींच्या मध्येच मांजरं, पक्षी, मासे, गुंतलेल्या वेली आहेत आणि पुस्तकांत छापलेल्या चित्रांत ही पानं सहसा येत नाहीत. त्यातला पिवळा रंग हरताळाचा आहे, म्हणजे आपल्या लेखनिकांच्या हाताखालचं तेच खनिज. जांभळा रंग दगडफुलासारख्या लायकेनपासून (बुरशी आणि शैवाल यांची एकत्र वाढ) काढलेला, तो फार हळवा.

२००० साली या ग्रंथाचा एक खंड ऑस्ट्रेलियात कॅनबेराला प्रदर्शनासाठी पाठवला होता. प्रवासात रंगाला थोडी इजा झाली. विमानाच्या कंपनांमुळे ती झाली असावी असं मानलं गेलं. ‘आमच्या शहरात का आणत नाहीत?’ या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

डब्लिनला जाताच आहात तर चेस्टर बीटी संग्रहालय चुकवू नका. अकबरनाम्याची चित्रित पानं, कुराणाच्या देखण्या प्रती, जपानी गुंडाळ्या असा संग्रह तिथे आहे. तिथेही मांडणी बदलत असते, त्यामुळे दोनदा गेलात तर दोनदा नवं काही दिसेल.

कोणतं पान उघडायचं हे कोण ठरवतं?

संग्रहपाल आणि संवर्धक दोघे मिळून. संग्रहपालाला गोष्ट सांगायची असते, त्याला सर्वांत सुंदर पान हवं असतं. संवर्धक नोंदवही उघडतो. हे पान मागे कधी, किती दिवस, किती लक्सखाली होतं, हे त्यात असतं. रंग सुटतो आहे का, शिवण ताणली जाते आहे का, हेही पाहतात. दोघांत मतभेद झाले तर संवर्धकाचा शब्द शेवटचा असावा असं मला ठामपणे वाटतं. सुंदर पान पुढच्या वेळी दाखवता येतं.

प्रकाशाचा प्रश्न नसलेली काळी शाई असेल, तरी पान का बदलतात?

बांधलेला ग्रंथ एकाच जागी उघडा राहिला की शिवणीवर आणि पाठीवर तिथेच ताण बसतो, आणि पुढे तो आपोआप त्याच पानावर उघडायला लागतो. म्हणून ग्रंथ सपाट उघडत नाहीत. त्याच्या मापाची तिरकी बैठक करतात, ती दोन्ही बाजूंनी आधार देते, आणि पानं पारदर्शक पट्टीने हलकेच धरतात. पट्टी घट्ट नको.

आपल्या पोथ्या इथे भाग्यवान. सुटी पानं, वरखाली लाकडी फळ्या, भोवती बासन. एक पान काढून दुसरं मांडणं सोपं. पण सुट्या पानांचा क्रम चुकण्याची, एखादं पान हरवण्याची भीती मोठी, म्हणून काढलेल्या पानाच्या जागी नोंदीची चिठ्ठी ठेवतातच.

आपल्याकडे अशी हस्तलिखितं कुठे पाहता येतील?

तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय मराठी माणसाने एकदा तरी पाहावं. सरफोजीराजे दुसरे यांनी १७९८ ते १८३२ या आपल्या कारकिर्दीत ते वाढवलं, काशीयात्रेतूनसुद्धा त्यांनी पोथ्या आणल्या. तमिळ, तेलुगू, संस्कृत आणि मराठी, ताडपत्रं आणि कागद, देवनागरी आणि मोडी, सगळं एका छपराखाली. १९१८ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. संग्रहालयाच्या दालनात त्यातला अगदी छोटा भाग मांडलेला असतो. तमिळ मुलखात काचेखाली मराठी अक्षर दिसलं की होणारा आनंद काही और आहे.

पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था १९१७ पासून आहे. तिथल्या ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांना २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत स्थान मिळालं. त्यातलं एक शारदा लिपीतलं, भूर्जपत्रावरचं. ते जर्मन संस्कृत पंडित गेओर्ग ब्यूलर यांनी काश्मीरमधून आणलं होतं. असं हस्तलिखित रोज काचेखाली दिसावं अशी अपेक्षा ठेवू नये. पुण्यातच १९१० मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी मठांमधून शंकर श्रीकृष्ण देव यांनी जमवलेली बाडं आहेत. मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे दांतेच्या महाकाव्याचं जुनं हस्तलिखित आहे, ते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी दिलेलं.

यांतल्या पुष्कळ संस्था मुळात संशोधकांसाठी उभ्या राहिल्या. जाण्याआधी फोन करा आणि काय पाहायचं आहे ते नेमकं सांगा.

पावसाळ्यात पान बदलणं का टाळतात?

कोकणात आणि मुंबईत पावसाळी हवेत आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर जाते. ६५-७० टक्क्यांच्या वर बुरशी जोमाने वाढते आणि तिच्यामागून कसर, वाळवी येते. बंद पेटीत सिलिका जेलसारखे ओलावा सांभाळणारे पदार्थ ठेवून ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान हवा राखता येते. पण पेटी वारंवार उघडली तर तो तोल जातो, म्हणून पावसाळ्यात पान बदलणं टाळतात.

भारतीय संविधानाची मूळ प्रत अशीच बदलती मांडतात का?

नाही. ती संसदेच्या ग्रंथालयात नायट्रोजन भरलेल्या हवाबंद पेटीत आहे. इंग्रजी प्रत प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिली, नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या कलावंतांनी सजवली. हिंदी प्रतीचं लेखन वसंत कृष्ण वैद्य यांचं. पानं पाहायची तर डेहराडूनला सर्व्हे ऑफ इंडियाने छापलेल्या हजार प्रतींपैकी एखादी शोधावी, काही ग्रंथालयांत त्या आहेत. चित्रं त्यातही तशीच आहेत.

दालनात इतका अंधार असतो की काही दिसत नाही. काय करावं?

आत गेल्या गेल्या पेटीवर वाकू नका. पाच-सात मिनिटं थांबा, डोळे सरावतात. साठीनंतर डोळ्यांना बराच जास्त उजेड लागतो, तेव्हा आजी-आजोबांना घेऊन गेलात तर घाई करू नका. पांढऱ्या मोबाइल पडद्याकडे मध्येच पाहिलंत तर सरावलेले डोळे पुन्हा पहिल्यापासून. आणि मोबाइलचा टॉर्च कधीही लावू नका.

फ्लॅशच्या एका फोटोने खरंच नुकसान होतं का?

एका फ्लॅशने होणारी झीज लोकांना वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी असते, दिवसभर जळणारा दिवा जास्त भारी पडतो. पण रोज हजारो माणसं येत असतील तर फ्लॅशचीही बेरीज होतेच, आणि अंधारात सरावलेल्या शेजारच्या माणसाचे डोळे दिपतात. नियम पाळा.

हस्तलिखित हाताळताना पांढरे हातमोजे घालतात ना?

चित्रपटांत घालतात. बहुतेक मोठी ग्रंथालयं आज कागदाच्या आणि चर्मपत्राच्या हस्तलिखितांसाठी स्वच्छ धुतलेले, कोरडे, उघडे हातच पसंत करतात. सुती मोज्यात बोटांना पानाची जाडी कळत नाही, कडेला धागा अडकतो आणि पान फाटतं. छायाचित्रं, धातूचे भाग, हस्तिदंत यांना मात्र मोजे लागतात.

काचेखाली प्रतिकृती ठेवली असेल तर ती फसवणूक नाही का?

पाटीवर तसं स्पष्ट लिहिलं असेल तर नाही. अक्षरं मोठी असावीत, कोपऱ्यात लपवलेली नसावीत. चांगली प्रतिकृती मुलांच्या हातात देता येते, पानं उलटता येतात, तो अनुभव मूळ ग्रंथ देऊ शकत नाही. पण मूळ म्हणून प्रतिकृती दाखवली तर पाहणाऱ्याचा विश्वास कायमचा जातो. ते कोणत्याही संस्थेने करू नये.

सगळं स्कॅन करून इंटरनेटवर टाकलं की प्रश्न मिटला, असं नाही का?

बराचसा मिटतो. ‘बुक ऑफ केल्स’ची सगळी पानं ट्रिनिटीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, जवळून पाहायला ती काचेमागच्या पानापेक्षा सोयीची. भारतात २००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने नोंदणीचं आणि डिजिटल प्रतींचं मोठं काम केलं. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिथली हजारो डिजिटल हस्तलिखितं दीर्घ काळ कुणालाच दिसेनात. मूळ पानं पेट्यांत सुखरूप होती. दोन्ही हवं.

मला एखादं ठरावीक पानच पाहायचं आहे. मिळेल का?

आधी डिजिटल प्रत पाहा आणि पानाचा क्रमांक टिपून घ्या. मग संस्थेला लिहा: हे पान कधी मांडणार आहात? अनेक ठिकाणी उत्तर मिळतं. संशोधनाचं काम असेल तर वाचनकक्षासाठी अर्ज करा, मूळच का हवं ते सांगा. जलचिन्ह, शिवण, खोडलेल्या अक्षराचा ठसा यांसाठी मूळ लागतं. नुसता मजकूर वाचायचा असेल तर प्रतच देतील आणि तेच योग्य आहे. माझी एक आग्रहाची मागणी संस्थांकडे आहे: पान बदलण्याच्या तारखा आधी जाहीर करा. लांबून येणारा माणूस तुमच्या भरवशावर रजा टाकून येतो.

आमच्या घरी आजोबांची पोथी आहे. आम्हीही पानं बदलत ठेवावीत का?

घरी ती मांडूच नका. धुतलेल्या, बिनरंगी सुती कापडात गुंडाळा, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका, पावसाळा संपला की उघडून कीड लागली आहे का ते पाहा. वाळवण्यासाठी उन्हात ठेवू नका, सावलीतला वारा पुरे. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी ही दोन सर्वांत मोठी संकटं, दोन्ही कधीच करू नका. पूजेत ठेवत असाल तर हळद-कुंकू आणि फुलं बासनावर वाहा, पानांवर नको, आणि निरांजन लांब ठेवा. प्रत्येक पानाचे फोटो क्रमाने काढून ठेवा. लिपी वाचता येत नसेल तर भांडारकर संस्था किंवा भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी फोटो दाखवा.

मुलगा अमेरिकेत आहे. पोथी त्याच्याकडे पाठवली तर चालेल का?

आधी कायदा पाहा. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार वैज्ञानिक, ऐतिहासिक, साहित्यिक किंवा कलात्मक मूल्य असलेलं आणि किमान ७५ वर्षं जुनं हस्तलिखित पुरावशेष ठरतं. ते खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. एवढ्यावरून मालकी जात नाही, ती तुमचीच राहते. आपली पोथी या व्याख्येत बसते की नाही अशी शंका असेल तर सामानात टाकण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या जवळच्या कार्यालयात दाखवून घ्या. मुलाला त्याआधी फोटोंचा संच पाठवता येईल.